नगावरचा कारागीर : नोकर की ठेकेदार?

आपल्या परतवाडा-अचलपूरच्या बाजारात महिन्याच्या पगारावर काम करणारी माणसे थोडी आणि नगावर, फेरीवर किंवा ठेक्यावर काम करणारी माणसे जास्त. कापड दुकानाच्या मागच्या खोलीत बसलेला शिलाई कारागीर नगावर असतो. आरामशीनवरचा माणूस घनफुटावर असतो. फर्निचरच्या कारखान्यातला सुतार एका पलंगामागे ठरलेली मजुरी घेतो, तर गाठी उतरविणारा हमाल गाठीमागे पैसे घेतो. वर्षानुवर्षे हा व्यवहार तोंडी चालत आला आहे आणि बहुतेक वेळा इमानदारीने चालतो. पण एखाद्या दिवशी मशीनमध्ये बोट जाते, शिडी घसरते किंवा गाठ अंगावर पडते. मग पहिला प्रश्न उभा राहतो, की हा माणूस कोणाचा?

मालक म्हणतो, "तो माझा नोकर नाही. नगावर काम करतो, ठेकेदारच आहे." कारागिराला वाटते, हजेरीपटावर आपले नाव नाही, तेव्हा आपला हक्कही नाही. दोघांचाही हा समज बऱ्याच अंशी चुकीचा आहे. म्हणून कायदा काय पाहतो आणि काय पाहत नाही, हे व्यापारी बंधू आणि कारागीर बंधू या दोघांनीही समजून घेतले पाहिजे.

कायदा कोणता?

काम करताना झालेल्या अपघाताच्या भरपाईचा पहिला कायदा आपल्या देशात १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्याचे नाव कामगार नुकसानभरपाई अधिनियम. २००९ च्या दुरुस्तीने त्यातील 'कामगार' या शब्दाच्या जागी 'कर्मचारी' हा शब्द आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली आणि तिच्या सातव्या प्रकरणाने या जुन्या कायद्याची जागा घेतली. त्या तारखेपूर्वी झालेल्या अपघातांचे दावे जुन्या कायद्याप्रमाणे चालतात. भरपाईची मूळ चौकट दोन्हीकडे बरीचशी सारखी आहे.

या कायद्याचे वैशिष्ट्य असे की भरपाईसाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला, एवढे पुरे असते. मजुराने दारू पिऊन काम केले, किंवा सुरक्षेची जाळी जाणूनबुजून काढून टाकली, तर मालकाला बचाव आहे. पण मृत्यू झाला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर तोही बचाव चालत नाही. नव्या संहितेत घरून कामाच्या जागी येता-जाता झालेल्या अपघाताचाही समावेश केला आहे. मात्र त्या अपघाताचा वेळ, जागा आणि परिस्थितीने नोकरीशी संबंध दिसला पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे लेखी करार नसला तरी चालते. जुन्या कायद्याच्या व्याख्येतच करार तोंडी असो वा लेखी, उघड असो वा गर्भित, तो मान्य केलेला होता. पूर्वी धंद्याबाहेरच्या किरकोळ कामाला तात्पुरत्या लावलेल्या माणसाला या कायद्यातून वगळले होते. २००० सालच्या दुरुस्तीने तो अपवादही काढून टाकला. तेव्हा "दोन दिवसांसाठीच बोलावला होता" एवढे म्हणून सुटका होत नाही.

दोन बिडी कारखाने, दोन निकाल

नोकर आणि स्वतंत्र ठेकेदार यांतील फरक आपल्या न्यायालयांनी अनेक खटल्यांत तपासला आहे. हे खटले कारखाने कायदा, दुकाने कायदा अशा निरनिराळ्या कायद्यांखालचे आहेत. पण त्यांत ठरलेली कसोटी भरपाईच्या दाव्यांतही लावली जाते.

सर्वात जवळचा खटला आपल्या विदर्भातला आहे. नागपूरच्या एका बिडी कारखान्यातील मजुरांनी पगारी रजेचा हक्क मागितला. मालकाचे म्हणणे होते की हे लोक हजारी बिड्यांवर मजुरी घेतात, वाटेल तेव्हा येतात, वाटेल तेव्हा जातात, तेव्हा ते आमचे कामगार नाहीत. बिरदीचंद शर्मा विरुद्ध प्रथम दिवाणी न्यायाधीश, नागपूर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९६० मध्ये दिला. न्यायालयाने पाहिले की काम कारखान्यातच करावे लागत होते, दुपारपर्यंत न आलेल्याला काम मिळत नव्हते, हजेरी लिहिली जात होती, सलग आठ दिवस गैरहजर राहिल्यास काढले जात होते आणि पसंत न पडलेल्या बिड्या बाजूला टाकल्या जात होत्या. एवढा ताबा असताना मजुरी नगावर आहे म्हणून माणूस ठेकेदार होत नाही, असे ठरले.

पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, नाशिक जिल्ह्यातील सिन्नरच्या बिडी कारखान्याचा खटला त्याच न्यायालयापुढे आला. शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा तो खटला. तिथे कामाचे बंधन, वेळेचे बंधन आणि देखरेख फारच सैल होती. दोन न्यायमूर्तींनी त्या मजुराला कारखाना कायद्याखालचा 'कामगार' मानले नाही, एका न्यायमूर्तींचे मत वेगळे पडले. त्याआधी १९५८ साली मध्य प्रदेशातील सागरच्या चिंतामणराव खटल्यात सट्टेदारांना स्वतंत्र ठेकेदार ठरविले होते. ते तंबाखू घेऊन जात, आपल्या जागी आपल्या माणसांकडून बिड्या वळून घेत आणि ठरलेला माल आणून देत. माल कसा बनवायचा, कोणाकडून बनवायचा, यावर कारखान्याचा ताबा नव्हता.

धंदा एकच, मजुरीची पद्धतही एकच, तरी निकाल वेगळे. कारण न्यायालय धंद्याचे नाव पाहत नाही, माणसावरचा ताबा पाहते. बिडी कामगारांच्या बाबतीत हा घोळ इतका वाढला की १९६६ साली संसदेने बिडी आणि सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा करून घरी बिड्या वळणाऱ्यांनाही त्याच्या कक्षेत घेतले.

शिलाईवाल्यांचा खटला

आम्हा कापडवाल्यांनी तर १९७३ चा सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसचा निकाल पाठ करून ठेवावा असा आहे. हा खटला आंध्र प्रदेशातला, दुकाने व आस्थापना कायद्याखालचा. शिलाई कारागीर नगावर होते. प्रत्येकाची कमाई त्याच्या हातकामाप्रमाणे वेगळी होती. येण्याजाण्याची वेळ ठरलेली नव्हती. पण दुकान मालकाचे होते, मशीन मालकाच्या होत्या, आणि सांगितल्याप्रमाणे शिलाई झाली नाही तर मालक ती परत उसवून शिवायला लावीत असे. न मानल्यास पुढचे काम मिळत नसे. सर्वोच्च न्यायालयाने हे कारागीर नोकरच आहेत असे ठरविले. केवळ 'ताबा' ही एकच कसोटी पुरेशी नाही, सगळी परिस्थिती एकत्र पाहावी लागते, असेही त्यात म्हटले आहे.

मधला ठेकेदार उभा करून सुटू पाहणाऱ्यांसाठी १९७८ चा कालिकतचा हुसेनभाई खटला आहे. दोरखंडाच्या कारखान्यात २९ मजूर ठेकेदारांमार्फत लावलेले होते. न्यायालयाने पडदा दूर करून पाहिले. माल कारखान्याचा, जागा कारखान्याची आणि तयार वस्तूही कारखान्याची होती. मजुरांची रोजीरोटी खरोखर ज्याच्या हातात, तोच मालक, असा निर्णय झाला.

सुताराचा हात

आता थेट नुकसानभरपाईच्या दाव्याकडे येऊ. ओडिशातील जयपूर या गावी एका चित्रपटगृहात सजावटीचे लाकूडकाम चालू होते. ६ जुलै १९६८ रोजी तिथला सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाने म्हटले, हा नोकर नव्हे, तात्पुरता ठेकेदार होता, आणि पडला तो स्वतःच्या निष्काळजीपणाने. आयुक्तांनी हे मानले नाही. त्यांनी ९,८०० रुपये भरपाई, वर दंड आणि व्याज असा आदेश दिला. प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर १९७५ मध्ये तिथेही सुतारच जिंकला.

या निकालाने दोन गोष्टी कायमच्या ठरल्या. पहिली, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हात गेलेल्या सुताराची कमाईची ताकद पूर्ण गेली असे मानले गेले. म्हणजे अपंगत्व मोजताना शरीराबरोबर हुन्नरही पाहिला जातो. दुसरी, भरपाई देण्याची जबाबदारी अपघाताच्या दिवशीच सुरू होते. कोर्टाचा आदेश येईपर्यंत थांबू, हा हिशेब महागात पडतो. एक महिन्याच्या आत रक्कम न भरल्यास दरसाल १२ टक्के व्याज लागते, आणि योग्य कारण नसेल तर भरपाईच्या निम्म्यापर्यंत दंडही होतो.

ठेकेदार असला तरी

समजा मधला ठेकेदार खरा आहे, नावापुरता नाही. तरीही मूळ मालक पूर्ण मोकळा नाही. १९२३ च्या कायद्याचे कलम १२ हे सांगत होते आणि नव्या संहितेतही तेच तत्त्व आहे. ठेकेदाराला दिलेले काम मालकाच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असेल आणि अपघात मालकाच्या ताब्यातील जागेत झाला असेल, तर मजूर थेट मूळ मालकाकडून भरपाई मागू शकतो. मालकाने ती देऊन नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी.

उदाहरण घ्या. तयार कपडे विकणाऱ्याने आपल्याच गाळ्यात ठेकेदारामार्फत शिलाई चालविली, तर शिलाई हा त्याच्या धंद्याचा भाग आहे. तिथे तो बांधला गेला. पण त्याच दुकानदाराने दुकानाला रंग देण्याचे काम रंगाऱ्याला ठेक्याने दिले, तर रंगकाम हा कापडाचा धंदा नव्हे. तिथे रंगाऱ्याच्या मजुराची जबाबदारी रंगाऱ्यावर येते. हमालांच्या टोळ्या आज या दुकानी तर उद्या त्या दुकानी, म्हणजे कोणाच्याच नव्हेत, अशी अवस्था होती. म्हणूनच महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा वेगळा कायदा केला.

आपल्या फिक्हची वाटणी

आपल्याकडे हा विचार नवा नाही. हनफी फिक्हच्या किताबांत, हिदायामध्येही, मजुरीवर काम करणाऱ्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. अजीर-ए-खास म्हणजे ज्याने आपला वेळ एकाच मालकाला दिला. तो हजर राहिला की उजरतीचा हक्कदार झाला. अजीर-ए-मुश्तरक म्हणजे शिंपी, रंगरेज यांच्यासारखा, जो सगळ्यांची कामे घेतो आणि काम पुरे केल्यावर उजरत मिळवतो. सरकारी कायद्याची वाटणी हुबेहूब अशीच नाही, पण प्रश्न तोच आहे : या माणसाचा वेळ आणि हात कोणाच्या ताब्यात आहे? मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी देण्याची ताकीद प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी केली, हे आपण प्रत्येक तकरीरीत ऐकतो. ज्या हाताने घाम गाळला तो हातच आपल्या कामात गेला, तर आपली जिम्मेदारी किती मोठी, याचा विचार प्रत्येकाने करावा.

मी स्वतः यात चुकलो आहे, ते सांगणे भाग आहे. २००९ साली माझ्या दुकानामागे तीन मशीनवर पायजमे आणि पेटीकोट शिवले जात. कटिंग करणारा कारागीर नगावर होता. विजेच्या कटिंग मशीनमध्ये त्याची तर्जनी गेली. दवाखान्याचा खर्च मी केला, हातात काही रक्कम दिली, 'आता माझी काही तक्रार नाही' अशा कागदावर त्याची सही घेतली आणि मी सुटलो असे समजलो. तो आपल्या गावी निघून गेला. चार वर्षांनी दुसऱ्याच एका कामासाठी वकिलाकडे बसलो असता कळले की तो कागद कायद्याने रद्दी होता. हक्क सोडून देण्याचा करार या कायद्यापुढे टिकत नाही. दावा करण्याची दोन वर्षांची मुदत मात्र निघून गेली होती. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्या गरिबाला मुदत असते हेच कुठे ठाऊक होते! कायद्याची मुदत संपते, बंद्याच्या हक्काची संपत नाही. मी हिशेब करवून घेतला आणि बाकीची रक्कम हप्त्याहप्त्याने त्याच्या घरी पोहोचवली. उशीर झाला तो झालाच.

भरपाई किती?

हिशेबाची रीत पाहा. मृत्यू झाल्यास महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के भाग धरून त्याला वयाप्रमाणे दिलेल्या गुणकाने गुणतात. वय ३० असेल तर गुणक २०७.९८ आहे, ४० असेल तर १८४.१७. जुन्या कायद्याखाली जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी मजुरीची कमाल मर्यादा महिना १५,००० रुपये धरलेली होती.

३० वर्षांचा कारागीर महिना १२,००० रुपये कमावतो असे धरा. मृत्यू झाल्यास ६,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १२,४७,८८० रुपये. पूर्ण अपंगत्व आल्यास ७,२०० गुणिले २०७.९८, म्हणजे १४,९७,४५६ रुपये. अंशतः अपंगत्वाला कायद्यात टक्केवारीची यादी आहे. पूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के, अंगठा गेल्यास ३० टक्के. म्हणजे वरील कारागिराच्या एका तर्जनीचे सुमारे २ लाख ९ हजार ६०० रुपये होतात. नगावर काम करणाऱ्याची मजुरी मागील बारा महिन्यांच्या सरासरीने काढतात. म्हणूनच मजुरीच्या नोंदीला इतके महत्त्व आहे.

स्वतःला विचारायचे प्रश्न

१. काम कोणते, हे ठरविण्याबरोबर ते कसे करायचे हेही मी सांगतो का?
२. जागा आणि मशीन माझी आहे का?
३. माल पसंत न पडल्यास मी तो परत करायला लावतो का, आणि न केल्यास काम बंद करतो का?
४. तो आपल्या जागी दुसरा माणूस पाठवू शकतो का?
५. तो इतर दुकानांचेही काम घेतो की माझ्यावरच त्याचे घर चालते?
६. धंद्यातला नफा-तोटा त्याचा आहे की त्याला फक्त मजुरी मिळते?
७. त्याचे काम माझ्या रोजच्या धंद्याचा भाग आहे का?

एका उत्तराने निकाल लागत नाही. पण पहिल्या तीन आणि सातव्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल, तर त्याला ठेकेदार म्हणून स्वतःची समजूत काढू नये. घरी बसून शिवणाऱ्या आपल्या आयाबहिणींची बाजू मात्र कायद्यात कमजोर पडते, कारण ताबा सिद्ध करणे अवघड जाते. त्यांना काम देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

व्यापाऱ्यांनी काय करावे?

पहिले काम मशीनला जाळी आणि विजेला अर्थिंग. अपघात टळणे ही सर्वात मोठी बचत आहे. दुसरे, प्रत्येक कारागिराची मजुरीची वही ठेवावी. देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराहमध्ये आहे, तो फक्त उधारीपुरता समजू नये. तिसरे, सर्वसाधारण विमा कंपन्या कामगार भरपाईची पॉलिसी देतात. हप्ता माणसांची संख्या, मजुरी आणि कामाचा धोका यावर ठरतो. विम्याबाबत आपल्या उलेमांमध्ये मतभेद आहेत, तेव्हा ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. पण विमा न घेतल्याने जबाबदारी टळत नाही. जो विमा घेत नाही त्याने दरमहा काही रक्कम याच कामासाठी बाजूला टाकावी. चौथे, ठेकेदार लावल्यास त्याच्या पॉलिसीची प्रत घेऊनच काम सुरू करू द्यावे. पाचवे, मृत्यूच्या प्रकरणात भरपाई वारसाच्या हातात परस्पर देऊ नये. ती आयुक्तांकडे जमा करावी लागते. वारसांना दिलेली थोडी आगाऊ रक्कम सोडल्यास परस्पर दिलेला पैसा भरपाईत धरला जात नाही. दहा किंवा अधिक माणसे असतील तर कर्मचारी राज्य विमा योजना आपल्याला लागू आहे का, तेही पाहून घ्यावे. त्या योजनेत असलेल्याला अपघाताचा लाभ तिथून मिळतो.

कारागिरांनी काय करावे?

चिठ्ठ्या फाडू नका. कामाच्या चिठ्ठ्या, मजुरीची वही आणि बँकेत किंवा मोबाईलवर आलेल्या पैशांची नोंद जपून ठेवा. अपघात झाल्यास दवाखान्याच्या कागदावर तो कुठे आणि कोणते काम करताना झाला हे लिहवून घ्या. 'घरी पडलो' असे कोणी सांगायला लावले तर सांगू नका, पुढे तोच कागद तुमच्या विरुद्ध जातो. मालकाला लेखी खबर द्या. दोन वर्षांच्या मुदतीची वाट पाहू नका. आपल्या जिल्ह्याचे असे दावे अमरावतीच्या कामगार न्यायालयात चालत आले आहेत. नव्या संहितेत अर्ज कोणत्या अधिकाऱ्याकडे करायचा, हे वकिलाला किंवा कामगार कार्यालयात विचारून घ्या. आणि मालक राजीखुशीने देत असेल तर भांडण नको, मात्र हिशेब कायद्याचा असावा.

मालक आणि कारागीर एकाच सफेत उभे राहतात. दुकानात परतल्यावर एकाचे बोट गेले आणि दुसरा 'हा माझा माणूस नाही' म्हणाला, तर त्या सफेचा अर्थ काय राहिला? आजच आपल्या दुकानातल्या माणसांची यादी करा, वही उघडा आणि वरील सात प्रश्न एकेका नावापुढे ठेवून पाहा. अल्लाह तआला आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि कोणाच्या हक्काचे ओझे आपल्या मानेवर न ठेवो. आमीन.